हातगुण

कलमांच्या प्रशिक्षणवर्गातला माझा सर्वांत आवडता तास चाळिसाव्या दिवशी येतो, आणि त्या तासाला जगलेल्या कलमांकडे कोणी फिरकतही नाही. कोवळ्या तांबूस पानांची फुटलेली कलमे सावलीत एका बाजूला उभी असतात. टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरून त्यावर मांडलेली असतात ती काळी पडलेली, सुरकुतलेली, एकही डोळा, म्हणजे कोंब, न उघडता वाळून गेलेली. प्रत्येकाने चिठ्ठी पाहून आपापली मेलेली कलमे ओळखायची, प्लास्टिकची पट्टी सोडायची, खुंट (खालचे मुळांचे रोप) आणि काडी (त्यावर जोडलेली हव्या त्या जातीची फांदी) अलगद विलग करायची आणि आत काय दिसते ते मोठ्याने सांगायचे. नववी-दहावीची मुले आणि त्यांच्या वडिलांच्या, कधी आजोबांच्या वयाचे बागायतदार त्या टेबलाभोवती एकत्र उभे असतात. मुलांना यात गंमत वाटते. बागायतदारांना पहिल्या वर्षी यात अपमान वाटला होता.

खरे सांगायचे तर सुरुवातीची काही वर्षे मलाही मेलेल्या कलमांची लाज वाटत असे. वर्ग भरण्याआधी सकाळी लवकर येऊन मी ती रांगेतून उचलून खतखड्ड्यात टाकत असे आणि मुलांना केवळ फुटलेली रोपे दाखवत असे. त्यांचा हुरूप टिकावा, असे मी स्वतःला समजावत होते. प्रत्यक्षात मुले त्यातून एवढेच शिकत होती, की काहींची कलमे जगतात आणि काहींची नाहीशी होतात. ज्यांची नाहीशी होत, ती मुले पुढच्या खेपेला मागच्या रांगेत उभी राहत आणि चाकू शेजाऱ्याच्या हातात देत.

बागायतदारांमध्ये याच समजुतीला एक जुना, भारदस्त शब्द आहे. 'त्याच्या हाताला गुण आहे' असे म्हटले, की पुढे विचारायला काही उरत नाही. ज्याच्या हाताला गुण आहे त्याने कशीही बांधली तरी कलमे जगणार, ज्याच्या हाताला नाही त्याने कितीही जपले तरी मरणार. आणि ज्याला एकदा 'तुझा हातगुण नाही' असे सांगितले गेले, तो आयुष्यभर कलमे विकत घेणार. या शब्दाशी माझे भांडण आहे. उत्तम हात मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापुढे मी आजही नम्र होते, पण त्या हातांत जे आहे ते वेगवेगळे करून सांगता येते आणि म्हणून शिकवताही येते, असे मला वाटते.

पहिल्या दिवशी आम्ही कलम करतच नाही. हिरव्या, टाकाऊ काड्यांचा भारा मध्ये ठेवतो आणि फक्त काप घेतो. काडी पेन्सिलीएवढी जाड, काप चार-पाच सेंटिमीटर लांब, तिरका आणि एकाच ओढीचा. मुले सुरुवातीला मनगटाने पेन्सिल तासल्यासारखी तासतात, आणि कापावर पायऱ्या उमटतात. मनगट घट्ट ठेवून, कोपरापासून सगळा हात मागे ओढला, तर पाते सरळ जाते. डावा अंगठा पात्याच्या वाटेत नाही ना, हे आधी पाहायचे, दर वेळी पाहायचे. मलमपट्टीचा डबा मी तरीही जवळ ठेवते. मग दोन काड्यांचे काप एकमेकांना चिकटवून उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून फटीत पाहायचे. मधून उजेड दिसला, तर ते कलम बांधण्याआधीच गेले असे समजावे. दिवसभरात शंभरेक काड्या वाया घालवल्यावर एखाद्या मुलाच्या कापातून उजेड येणे थांबते, आणि त्या क्षणी त्याला कोणी शाबासकी द्यावी लागत नाही.

उजेडाची एवढी धास्ती का, हे दुसऱ्या दिवशी फळ्यावर येते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये मोजक्या पेशींच्या जाडीचा एक ओलसर थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. खोड जाड होते ते याच थरामुळे; तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला सालीचा भाग घडवत राहतो. आपण दोन झाडे जोडली असे म्हणतो, पण आपण केलेले असते ते इतकेच, की दोन ताज्या जखमा समोरासमोर आणून त्या घट्ट बांधून ठेवलेल्या असतात. जखमेच्या काठावरच्या पेशी वाढून एक मऊ, पांढुरका, दाणेदार थर तयार करतात, तो कॅलस. दोन्हीकडचा कॅलस एकमेकांत मिसळला, की त्याच्यामधून नवे कॅम्बियम खुंटाच्या जुन्या कॅम्बियमपासून काडीच्या कॅम्बियमपर्यंत पुलासारखे घडते, आणि मगच मुळांनी ओढलेले पाणी काडीपर्यंत नीट पोहोचू लागते. तोवर काडी स्वतःच्या शिदोरीवर जगत असते. पट्टी, सावली, ओलावा आणि काडीवर घातलेली प्लास्टिकची टोपी ही सगळी खटपट ती शिदोरी पूल होईपर्यंत पुरावी म्हणून असते.

आंब्याच्या पाचर कलमासाठी, म्हणजे काडीचे टोक पाचरीसारखे तासून खुंटाच्या चिरेत बसवतात त्यासाठी, आम्ही काडी तीन-चार महिन्यांच्या पक्व फांदीची निवडतो आणि आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापतो, त्यामागेही हाच हिशेब आहे. पाने गेल्यावर शेंड्याचा डोळा फुगू लागतो आणि देठ आपोआप गळून पडतात. असा फुगलेला, पण अजून न उघडलेला डोळा घेऊन काडी खुंटावर आली, तर पूल तयार होताच ती चालू पडते. हे काम अगदी साधे आहे, आणि घाईत सर्वांत आधी वगळले जाते तेही हेच.

तर चाळिसाव्या दिवशी टेबलावर काय दिसते? सगळ्यांत जास्त दिसतो तो दोन्ही बाजूंना कोरडा, तपकिरी काप, जणू काल लाकडाच्या वखारीतून आणलेला. कॅलसचा एक दाणाही नाही. काप घेतल्यावर तो मुलगा पट्टी शोधायला गेला होता किंवा मित्राशी बोलत उभा राहिला होता, आणि कापाचा पृष्ठभाग वाऱ्यावर सुकला. काही कलमांत एका कडेने सुरेख पांढरी रेघ धरलेली असते आणि दुसरी कड काळी असते. काडी खुंटापेक्षा बारीक होती, तेव्हा ती एका कडेला सरकवून निदान एका बाजूची साल सालीला जुळवायला हवी होती, ती थोडी तिरकी बसली. काहींच्या फटीत काळपट, बुळबुळीत बुरशी सापडते, कारण पट्टी खालून वर न बांधता वरून खाली बांधली आणि वेढ्यांच्या तोंडांतून पाणी आत उतरले. एका वर्षी एका मुलाची काडी अतिशय नीट जोडलेली, नीट बांधलेली निघाली. फक्त तिचे सगळे डोळे जमिनीकडे पाहत होते. त्याने ती उलटी लावली होती. तो स्वतःच एवढा हसला, की त्याला चिडवण्यात कोणाला मजा राहिली नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रकार मात्र वेगळाच आहे. काडीला दोन-तीन पाने येतात, सगळे खूश होतात, आणि आठवड्याने ती पाने माना टाकतात. पट्टी सोडून पाहावे तर आत जोड नावाचे काही नसतेच. काडीने आपल्या शिदोरीतले शेवटचे मूठभर त्या पानांत खर्च केलेले असते. आम्ही तिला खोटी फूट म्हणतो. पानांवर विश्वास ठेवू नये, जोडावर ठेवावा, हे मुलांना सांगून पटत नाही. अशा कलमाची काडी दोन बोटांत धरून ती सहज उपसून हातात आली, की पटते.

या उघडझापीत बागायतदारांपेक्षा मुले पुढे असतात, कारण आपली चूक चारचौघांत वाचून दाखवण्यात त्यांचे काही जात नाही. बागायतदार पहिल्या वर्षी हात पाठीमागे बांधून उभे होते. त्यांच्यातल्या एकाने शेवटी एक कलम उचलले, उघडले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बाई, हे मी बांधलं तेव्हा घाई होती." एवढेच. त्यानंतर बाकीचेही टेबलाजवळ सरकले. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. एकाने वर्षानुवर्षे जपलेल्या झाडाची गोष्ट सांगितली: कलम लावले, फुटवा जोमाने आला, झाड डेरेदार झाले, आणि फळे धरली ती लहान, रेषाळ, आंबटढोण. जोम धरला होता तो जोडाच्या खालून आलेल्या खुंटाच्या फुटव्याने. वरची काडी कधीच गुपचूप वाळून गळाली होती. जोडाच्या खाली आलेली फूट दिसताक्षणी खुडावी, हे मी दर वर्षी सांगते. त्यांनी सांगितल्यापासून मुले मला त्याची आठवण करून देतात.

मुलांचे प्रश्न वेगळ्याच दिशेने येतात. बीपासून का नको, हा पहिला. बी म्हणजे दोन पालकांची नवी सरमिसळ असते. सफरचंदाची, किंवा एका कोयीत एकच अंकुर असणाऱ्या आंब्याची बी पेरली, तर आईसारखे फळ मिळेल याची शाश्वती नसते. इंग्लंडमधल्या साउथवेल येथे १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने सफरचंदाच्या काही बिया पेरल्या, त्यांतल्या एका झाडाला अपूर्व फळ लागले. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतले, आणि १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकावाल्याने कलमांसाठी काड्या मागितल्या, तेव्हा ब्रॅम्लीने त्या दिल्या, पण जातीला आपले नाव लावण्याच्या अटीवर. आज जगात असलेले ब्रॅम्ली सफरचंदाचे प्रत्येक झाड त्या एका झाडाची फांदी आहे. ही हकिकत सांगितली, की वर्गातल्या मुली हटकून विचारतात, की बी पेरणाऱ्या मुलीचे नाव का नाही दिले. याला माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक अवघड गेला. "बाई, मग या काडीचं वय किती धरायचं?" दहावीतल्या एका मुलाने हातातली काडी वर करून विचारले होते. खुंट काही महिन्यांचा, काडी चार महिन्यांची, पण ज्या झाडावरून ती आणली ते जुने, आणि तेही कुठल्यातरी त्याहून जुन्या झाडाचे कलम. मी त्याला म्हटले, की झाडाच्या दृष्टीने ती काडी प्रौढच आहे. फुलण्याचे वय तिने आधीच गाठलेले असते आणि ते ती नव्या मुळांवर सोबत घेऊन येते, म्हणून कलमाला बीच्या झाडापेक्षा काही वर्षे आधी फळ येते. त्यावर तो म्हणाला, की म्हणजे आपण म्हाताऱ्याला तरुण पाय लावतो. मला हे वाक्य सुचले नसते.

पायांवरून आठवले, की या मुलाला मी दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या संत्र्याच्या झाडाबद्दल सांगितले. ब्राझीलमधल्या बाहिया येथून आलेल्या बिनबियांच्या नाभी संत्र्याची झाडे एलिझा टिबेट्स यांनी १८७३ मध्ये तिथे लावली. फळात बीच नाही, तेव्हा ही जात कलमाशिवाय एका पिढीपलीकडे गेलीच नसती. त्यांतल्या एका झाडाच्या मुळांना आणि बुंध्याला कूज लागली, तेव्हा १९१८ मध्ये त्याच्या भोवती नवी रोपे लावून त्यांचे शेंडे बुंध्यात भेट कलमाने जोडण्यात आले. जुनी मुळे गेली, नव्या रोपांची मुळे त्याची झाली, आणि ते झाड अजून उभे आहे. अक्षरशः म्हाताऱ्याला तरुण पाय.

बागायतदारांना अशा हकिकतींपेक्षा खुंटाची चर्चा प्रिय असते, आणि त्यांचे बरोबर आहे. वरची जात सगळे निवडतात, खुंट कोणी विचारून घेत नाही. फ्रान्समधल्या द्राक्षवेली १८६० च्या दशकात अचानक वाळू लागल्या, तेव्हा कारण कोणाला कळेना. १८६८ मध्ये प्लांशाँ हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या वेली सोडून आजारी, पण अजून जिवंत असलेल्या वेलींची मुळे खणून पाहिली आणि तिथे त्यांना फायलोक्सेरा हा बारीक पिवळा कीटक सापडला. तो उत्तर अमेरिकेतून आलेला होता, आणि तिकडच्या रानवेलींची मुळे त्याला दाद देत नव्हती. युरोपची द्राक्षे शेवटी वाचली ती अमेरिकी खुंटांवर चढून. याच्या उलट घडले दक्षिण अमेरिकेत. आंबट संत्र्याच्या खुंटावरची संत्र्याची झाडे उत्तम चालली होती, आणि १९३० च्या दशकात ट्रिस्टेझा हा मावा पसरवत असलेला विषाणूरोग आला, त्यात नेमके तेच खुंट घेतलेल्या बागा कोसळल्या. खुंट चांगला किंवा वाईट असा नसतो. कशासाठी चांगला आणि किती दिवस, हे विचारावे लागते.

काही जोड्या तर सुरुवातीला जुळतात आणि पुढे फारकत घेतात. नाशपातीच्या बार्टलेट जातीची काडी क्विन्स या तिच्याच कुळातल्या फळझाडाच्या खुंटावर धरते, वाढते, आणि काही वर्षांनी एखाद्या वाऱ्यात जोडावर स्वच्छ मोडून पडते. म्हणून दोघांचेही पटते अशा तिसऱ्या जातीचा तुकडा मध्ये घालावा लागतो. या मध्यस्थाबद्दल बोलताना बागायतदारांच्या चेहऱ्यावर जे हसू येते, त्याचे मूळ बागेत नसून घरात असावे.

काय कशावर जुळते, याबद्दलच्या कल्पनाही पुष्कळ येतात. केळीवर करता येईल का? वडावर आंबा? रोमन लेखक प्लिनीने अक्रोड, द्राक्ष, अंजीर, डाळिंब असे सगळे एकाच झाडावर पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि ते झाड फार जगले नाही हेही प्रामाणिकपणे लिहिले आहे. सॅम व्हॅन एकन या अमेरिकी कलावंताने एकाच झाडावर चाळीस प्रकारची फळे आणली, ती सगळी आलुबुखार, जर्दाळू, पीच, चेरी अशा एकाच कुळीतली होती, म्हणून ते शक्य झाले. केळीच्या बाबतीत मी पूर्वी ठामपणे नाही म्हणत असे, कारण एकदल झाडांमध्ये असा जोडणारा कॅम्बियमचा थर नसतो. पण २०२१ च्या अखेरीस केंब्रिजच्या संशोधकांनी अगदी कोवळ्या, बीमधल्या अवस्थेतल्या ऊतींची कलमे करून गहू, अननस आणि केळीसुद्धा जोडून दाखवली. आता मी म्हणते, आपल्या चाकूने नाही.

आणि चाकूवरूनच मला माझी चूक सांगायची आहे. नववीतली एक मुलगी होती. शांत, कामसू, कापाच्या सरावात सर्वांत जास्त काड्या तीच संपवत असे. तिची कलमे जगत नव्हती. पहिल्या खेपेला वीसपैकी एक, दुसऱ्या खेपेला दोन. मी तिला पट्ट्या कापण्याच्या आणि चिठ्ठ्या लिहिण्याच्या कामाला लावले आणि मनातल्या मनात तो शब्द उच्चारला, ज्याच्याशी माझे भांडण आहे असे मी वर लिहिले आहे. मोठ्याने म्हटले नाही, पण तिला ते ऐकू आले असणार.

त्या वर्षी मेलेली कलमे उघडण्याचा तास नव्यानेच सुरू झाला होता. तिने आपली अठरा कलमे ओळीने उघडून ठेवली आणि म्हणाली, "बाई, हे सगळं एकसारखंच झालंय." खरोखरच झाले होते. प्रत्येक पाचरीच्या दोन्ही टोकांना कॅलस धरलेला, आणि मधे खोलगट, कोरडा, तपकिरी पट्टा. टोके टेकत होती, मध्य टेकत नव्हता. अठराच्या अठरा कापांना एकाच बाजूने एकसारखा बाक होता. ज्याच्या हातात खोट असते त्याच्या चुका अशा शिस्तीत येत नाहीत. मी तिला एक काडी कापून दाखवायला सांगितले, आणि तिने चाकू डाव्या हातात घेतला.

कलमाच्या चाकूच्या पात्याची धार एकाच बाजूने तासलेली असते आणि दुसरी बाजू सपाट असते. उजव्या हाताने ओढताना सपाट बाजू लाकडाला टेकून सरकते, म्हणून काप सपाट येतो. तोच चाकू डाव्या हातात गेला, की तासलेली बाजू लाकडाकडे येते, पाते आपली वाट सोडते आणि काप मधे वाकतो. डावखुऱ्यांसाठी उलट धारेचे चाकू मिळतात, हे मला माहीत होते. ती डावखुरी आहे, हे तिच्या हातच्या शेकडो काड्या पाहूनही मी पाहिले नव्हते.

त्या आठवड्यात मी एक जुना चाकू खरखरीत दगडावर घासत बसले. जुनी धार पुसून दुसऱ्या बाजूने नवी काढायला चार संध्याकाळी गेल्या, आणि ती फार देखणी निघाली असेही नाही. तिसऱ्या खेपेला तिची वीसपैकी चौदा कलमे जगली. उरलेली सहा तिने उघडली, तेव्हा त्यांत सहा वेगवेगळी कारणे निघाली, आणि त्याचाच मला अधिक आनंद झाला.

तो चाकू आता वर्गाच्या डब्यात असतो; मुठीला लाल चिंधी बांधली आहे, म्हणजे कोणी चुकून उचलू नये. गेल्या हंगामात चाळिसाव्या दिवशी मी ही हकिकत टेबलाभोवती सांगितली. सगळे गेल्यावर एक वयस्क बागायतदार मागे रेंगाळले. तीस वर्षे त्यांची बाग आहे आणि तीस वर्षे ते कलमे विकतच आणतात. आपल्या हाताला गुण नाही, हे ते पहिल्याच दिवशी हसत सांगून मोकळे झाले होते, आणि वर्गात ते जेवढे शिकले ते उजव्या हाताने. डब्याकडे पाहत त्यांनी विचारले, तो लाल चिंधीचा चाकू जरा बघू का. लहानपणी डाव्या हातात काही धरले की त्या हातावर फटका बसायचा, एवढेच ते मधे म्हणाले.

मी चाकू दिला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, दोनदा सोडून पुन्हा धरला, आणि काप ओढला. दोन काड्या जोडून उजेडाकडे धरल्या. काप चांगला नव्हता. त्या हाताला चाकूची सवयच नव्हती, आणि फटीतून एवढा उजेड येत होता, की मलाही शेजारून दिसला. त्यांनी बराच वेळ एक डोळा मिटून त्या फटीत पाहिले, मग काड्या वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि म्हणाले, "अजून एक काडी द्या."